उंबरठ्याआतली पाहुणी

लॅटिन भाषेत 'हॉस्पेस' असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ यजमान असाही होतो आणि पाहुणा असाही. 'हॉस्पिटल', 'हॉस्टेल' आणि 'हॉस्पिस' हे शब्द त्याच कुळातले. मध्ययुगीन युरोपात पवित्र स्थळांच्या यात्रेला निघालेले थकलेभागलेले वाटसरू ज्या घरांत विसावत, त्यांना हॉस्पिस म्हणत. तेथे मठवासी हे यजमान असत आणि वाटसरू हा पाहुणा. त्या वाटसरूंत आजारी असत, मरणाच्या दारी पोहोचलेलेही असत. त्यांचे पाय धुतले जात, त्यांना अंथरूण मिळे आणि अखेरच्या घटकेला कोणीतरी उशाशी बसलेले असे.

आज हॉस्पिस म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एखादी इमारत येते. परंतु जगातील हॉस्पिससेवेचा फार मोठा भाग इमारतीत होत नाही. तो रुग्णाच्या स्वतःच्या घरात, त्याच्या नेहमीच्या खाटेवर होतो. असाध्य रोगाने खंगलेल्या माणसाचे दार ठोठावून एक परिचारिका आत येते. येथे यजमान आणि पाहुणा यांच्या जागा बदलतात. घर रुग्णाचे, नियम घरच्यांचे, देव्हारा त्यांचा, चूल त्यांची. पाहुणी असते ती परिचारिका. माझ्या मते या पेशाच्या बहुतेक साऱ्या अडचणींचे मूळ या अदलाबदलीत आहे. रुग्णालयात परिचारिकेच्या पाठीशी घंटा असते, डॉक्टर असतात, औषधांचे कपाट असते, पाळी बदलणारी सोबतीण असते. घरच्या खाटेशी ती एकटी असते. हे एकटेपण कोणी, केव्हा ओळखले आणि ते हलके करण्यासाठी काय केले, याचा इतिहास जाणून घेण्याजोगा आहे. कारण त्यातील बरीच पाने आपल्या ख्रिस्तसभेतील स्त्रियांनी लिहिलेली आहेत.

मठाच्या भिंतींबाहेर

सोळाव्या शतकाच्या अखेरीस इटलीत संत कमिल यांनी रुग्णांच्या सेवेसाठी एक संघ उभारला. 1586 साली पोप पाचवे सिक्स्टस यांनी त्याला मान्यता दिली आणि 1591 साली त्याला व्रतस्थ संघाचा पूर्ण दर्जा मिळाला. गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या तीन व्रतांच्या जोडीला या संघाचे चौथे व्रत होते : जीव धोक्यात घालूनही रुग्णांची सेवा करणे. मरणासन्नांच्या सोबतीचे त्यांचे कार्य इतके ठळक होते की लोक त्यांना 'सुमरणाचे धर्मगुरू' म्हणू लागले.

स्त्रियांच्या वाटेत मात्र एक मोठी भिंत होती. त्या काळी व्रतस्थ स्त्रीने मठाच्या आवारातच राहावे असा दंडक होता. संत विन्सेंट दी पॉल आणि संत लुईज दी मारियाक यांनी 1633 साली पॅरिसमध्ये सेवाकन्यांचा संघ स्थापन करताना या दंडकातून वाट काढली. त्यांच्या कन्या रीतसर 'नन' म्हणवून घेत नसत. त्यांची व्रते दरवर्षी नव्याने घेतली जात. रस्ते हेच त्यांच्या मठाचे आवार आणि आजाऱ्यांची घरे हाच त्यांचा मठ, अशी संत विन्सेंट यांची धारणा होती. गरिबाच्या खोलीत सूप घेऊन जाणारी, अंथरूण बदलणारी, जखम धुणारी धर्मभगिनी तेव्हापासून युरोपच्या गल्लीबोळांत दिसू लागली.

तरीही एक प्रश्न उरलाच होता. दिवसा भेट देऊन परतणे निराळे आणि परक्या घरात रात्र काढणे निराळे. मरणाची घटका तर बहुधा रात्रीच जवळ येते असे वाटते. 1824 साली पॅरिसमध्ये जोसेफीन पोतेल आणि तिच्या अकरा सोबतिणी यांनी 'बोन सेकूर' हा संघ सुरू केला, तो रुग्णांच्या आणि मरणासन्नांच्या घरी राहून शुश्रूषा करण्यासाठी. धर्मभगिनीने मठाबाहेर, लोकांच्या घरी रात्र घालवावी ही कल्पना त्या काळी धाडसाची होती. लोक काय म्हणतील? तिची प्रार्थना, तिची सुरक्षितता, तिचे नाव यांचे काय? आज कोणतीही परिचारिका रात्रपाळीला अनोळखी घरी जाते तेव्हा तिच्या आईच्या मनात हेच प्रश्न येतात. पॅरिसचे महागुरू द केलां यांनी विचारांती या संघाला मान्यता दिली आणि दाराआडच्या त्या सेवेला ख्रिस्तसभेचा आधार मिळाला.

त्यानंतर अठरा वर्षांनी, 1842 साली, लियों शहरात जान गार्निये या तरुण विधवेने आपल्यासारख्याच विधवांना गोळा करून 'कालवारीच्या स्त्रिया' ही संघटना उभी केली. पती आणि दोन्ही मुले गमावलेल्या या बाईने आपले दुःख असाध्य रुग्णांच्या सेवेला लावले. मरणासन्नांच्या निवाऱ्यासाठी 'हॉस्पिस' हा शब्द वापरण्याची प्रथा तेथून रूढ झाली, असे मानले जाते. आयर्लंडमध्ये मदर मेरी एकनहेड यांच्या सेवाभगिनी 1815 पासून गरिबांच्या घरी जातच होत्या. त्यांनी 1879 साली डब्लिनच्या हॅरॉल्ड्स क्रॉस येथे मरणासन्नांसाठी हॉस्पिस उघडले. ज्या घरात मदर मेरी यांनी आपली अखेरची आजारपणाची वर्षे काढली, तेच हे घर.

रडत परत आलेली परिचारिका

आता एका सामान्य, पगारी परिचारिकेकडे वळू. लिव्हरपूलचे व्यापारी विल्यम रॅथबोन यांची पत्नी 1859 साली दीर्घ आजाराने वारली. तिच्या शेवटच्या दिवसांत मेरी रॉबिन्सन नावाच्या परिचारिकेने घरी राहून तिची शुश्रूषा केली होती. रॅथबोन यांच्या मनात आले की पैसा असूनही आपल्या घरात या बाईवाचून काय झाले असते? मग ज्यांच्या घरी पैसा नाही, त्यांचे काय होत असेल? त्यांनी मेरी रॉबिन्सन यांना तीन महिन्यांसाठी नेमले आणि शहरातील गरीब वस्तीत आजाऱ्यांच्या घरी पाठविले.

महिना उलटण्याआधीच ती बाई रडत परत आली. एवढी दैन्यावस्था आपल्याने पाहवत नाही, मला मोकळे करा, असे तिचे म्हणणे होते. ती कामचुकार नव्हती आणि अडाणीही नव्हती. श्रीमंताच्या घरी तिच्या हाताशी स्वच्छ चादरी होत्या, गरम पाणी होते, सकस अन्न होते. गरिबाच्या खोलीत यातले काहीच नव्हते. होते ते फक्त तिचे दोन हात. रॅथबोन यांनी तिची समजूत घातली आणि तिला धीर धरायला सांगितले. मुदत संपली तेव्हा तिने स्वतःहून काम पुढे चालविण्याची इच्छा दाखविली, कारण तोवर तिच्या सेवेने काही घरे सावरलेली तिने पाहिली होती.

या प्रसंगातून रॅथबोन यांनी घेतलेला बोध महत्त्वाचा आहे. परिचारिकेला नुसते पाठवून भागत नाही, हे त्यांनी ओळखले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या सल्ल्याने लिव्हरपूलमध्ये प्रशिक्षणशाळा उघडली. शहराचे अठरा विभाग पाडले. प्रत्येक विभागात परिचारिकेच्या पाठीशी एक स्थानिक स्त्री नेमली. चादरी, औषधे, अन्न यांसाठी पैसा आणि वस्तू गोळा करणे हे तिचे काम. इंग्लंडमधील घरोघरच्या शुश्रूषेची व्यवस्था या पायावर उभी राहिली. रॅथबोन हे कॅथोलिक नव्हते. पण आपल्याकडचा कोणताही जुना धर्मगुरू या रचनेला 'हे तर धर्मग्रामाचे काम' असेच म्हणाला असता.

अटलांटिकच्या पलीकडे, न्यू यॉर्कच्या दाटीवाटीच्या वस्तीत, 1896 साली रोझ हॉथॉर्न यांनी कर्करोगाच्या गरीब रुग्णांच्या खोल्यांत जाऊन त्यांच्या जखमा बांधायला सुरुवात केली. प्रसिद्ध कादंबरीकार नथॅनियल हॉथॉर्न यांची ही कन्या कॅथोलिक झाली होती. त्या काळी कर्करोग संसर्गाने पसरतो असे अनेकांना वाटे. त्यामुळे अशा रुग्णाला कोणी जवळ करीत नसे आणि त्याची सेवा करणाऱ्या स्त्रीलाही लोक टाळीत. पुढे त्यांनी डॉमिनिकन भगिनींचा एक संघ स्थापन केला. तो आजही असाध्य कर्करोग्यांची विनामूल्य सेवा करतो.

वेदना येण्याआधी

विसाव्या शतकात या सेवेला शास्त्राची जोड मिळाली ती सिसिली साँडर्स यांच्यामुळे. त्या आधी परिचारिका होत्या. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडावे लागले, तेव्हा त्या रुग्णालयातील समाजसेविका झाल्या. 1948 साली डेव्हिड तास्मा नावाचा एक पोलिश ज्यू निर्वासित लंडनमध्ये त्यांच्या देखरेखीखाली कर्करोगाने वारला. जाताना त्याने पाचशे पौंड त्यांच्या स्वाधीन केले, भविष्यात त्या उभारतील त्या घरात आपली एक खिडकी असावी म्हणून. मरणासन्नांच्या वेदनांवर काम करायचे तर डॉक्टर व्हायला हवे, असा सल्ला मिळाल्यावर त्या पुन्हा शिकल्या आणि 1957 साली डॉक्टर झाल्या.

त्यांचे पुढचे काम झाले ते लंडनच्या हॅक्नी भागातील सेंट जोसेफ हॉस्पिसमध्ये. मदर मेरी एकनहेड यांच्या भगिनींनीच ते 1905 साली उघडले होते. त्यापूर्वी काही वर्षे त्या भगिनी आसपासच्या गरीब घरांत जाऊन रुग्णांना भेटत असत. साँडर्स यांनी तेथे एक साधी गोष्ट नोंदी ठेवून सिद्ध केली. वेदना असह्य होऊन रुग्ण विव्हळू लागल्यावर मॉर्फिन देण्याऐवजी ते ठराविक तासांनी, वेदना डोके वर काढण्याआधीच, तोंडाने द्यावे. असे केल्यास रुग्ण शुद्धीवर राहतो, बोलतो, घरच्यांना ओळखतो. वेदना केवळ शरीराची नसते; मनाची, कुटुंबाची, पैशाच्या विवंचनेची आणि आत्म्याचीही असते, हे त्यांनी आपल्या 'समग्र वेदना' या संकल्पनेतून मांडले. 1967 साली त्यांनी सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उघडले. संत ख्रिस्तोफर हा प्रवाशांचा आश्रयदाता, म्हणून त्याचे नाव.

दोनच वर्षांनी, 1969 साली, तेथून घरोघर जाणाऱ्या परिचारिकांचे पथक सुरू झाले. रुग्णाला घरी मरायचे असेल तर हॉस्पिसने त्याच्याकडे जावे, हा त्यामागचा विचार. अमेरिकेत तर प्रारंभच घरातून झाला. येल विद्यापीठातील परिचर्याशाळेच्या माजी प्रमुख फ्लॉरेन्स वॉल्ड आणि त्यांचे सहकारी यांनी 1974 साली कनेक्टिकटमध्ये हॉस्पिस सुरू केले, तेव्हा त्यांच्याकडे इमारत नव्हती. होती ती केवळ घरी जाणारी मंडळी. 1982 साली अमेरिकन सरकारने वृद्धांच्या आरोग्यविम्यात हॉस्पिसचा समावेश केला. या नियमांतील तीन कलमे आपल्या विषयाला धरून आहेत. एक, एकूण सेवादिवसांपैकी रुग्णालयातील दिवस 20 टक्क्यांहून अधिक नसावेत, म्हणजे सेवा प्रामुख्याने घरीच व्हावी. दोन, रुग्णाच्या मृत्यूनंतर वर्षभरापर्यंत कुटुंबाच्या शोकाची काळजी घेतली जावी. तीन, सेवेच्या तासांपैकी किमान 5 टक्के तास बिनपगारी स्वयंसेवकांचे असावेत. पगारी परिचारिकेने एकटीने हे ओझे वाहू नये, हे तेथे कायद्यात लिहावे लागले.

आपल्याकडे

भारतात या सेवेची पहिली वास्तू उभी राहिली ती आपल्या परिचयाच्या जागी. सप्टेंबरात मोतमावलीच्या जत्रेला वांद्र्याची टेकडी चढणाऱ्या भाविकांना 'शांती आवेदना' हे नाव नवे नाही. कर्करोगाचे शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसोझा यांनी 1986 साली स्थापिलेले हे देशातील पहिले हॉस्पिस. तेथे धर्मभगिनी रुग्णांची सेवा करतात. पुढे गोवा आणि दिल्ली येथेही त्याच्या शाखा निघाल्या. पुण्यात वारजे येथे 1997 साली सिप्ला संस्थेचे केंद्र उघडले.

परंतु 1985 साली अमली पदार्थांविरुद्ध जो कडक कायदा झाला, त्याने एक विपरीत परिणाम घडविला. व्यसनाला आळा घालताना वेदनेने तळमळणाऱ्यांचे मॉर्फिनही दुर्मीळ झाले. एकेका औषधासाठी अनेक परवाने लागत. बहुतेक रुग्णालयांनी आणि दुकानांनी ते ठेवणेच सोडून दिले. 2014 साली कायद्यात दुरुस्ती होऊन नियम सुटसुटीत झाले. तरी मॉर्फिनचे नाव काढताच घरोघरी उमटणारी भीती काही कायद्याने जात नाही.

घरच्या सेवेचा सर्वांत मोठा प्रयोग केरळने केला. कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात 1993 साली डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांचे सहकारी यांनी वेदनाशमनाची संस्था स्थापिली. बरेच रुग्ण दवाखान्यापर्यंत येऊच शकत नाहीत, हे लवकरच ध्यानात आले. मग मलप्पुरम जिल्ह्यात शेजाऱ्यांची जाळी विणली गेली. शिक्षक, विद्यार्थी, रिक्षावाले, गृहिणी यांनी थोडे प्रशिक्षण घेतले, वर्गणी काढली आणि ते परिचारिकेबरोबर घरोघर जाऊ लागले. हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती असा भेद त्यात नव्हता. 2008 साली केरळ सरकारने यासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले आणि पंचायतींच्या मदतीने घरी जाणाऱ्या परिचारिका नेमल्या गेल्या.

पिशवीतले आणि मनातले

अशा परिचारिकेचा दिवस कसा जातो? तिच्या पिशवीत ड्रेसिंगचे सामान, लघवीची नळी, हातमोजे, रक्तदाबाचे यंत्र असते. पाठीला पडलेल्या जखमा धुवायच्या, दर दोन तासांनी कूस कशी बदलायची ते सुनेला शिकवायचे, कोरडे पडलेले तोंड ओल्या कापसाने पुसायचे. सडलेल्या गाठीला दुर्गंधी येत असेल तर मेट्रोनिडॅझोलच्या गोळीची पूड तिच्यावर टाकायची, म्हणजे नातवंडे पुन्हा आजोबांच्या जवळ बसू लागतात. मॉर्फिन सुरू असेल तर बद्धकोष्ठतेचे औषध जोडीला हवेच, हे पुनःपुन्हा सांगायचे. शेवटच्या तासांत घशातून घरघर येऊ लागली की घरचे घाबरतात. तेव्हा रुग्णाला कुशीवर करून, ही घरघर ऐकणाऱ्यांना जितकी भयंकर वाटते तितका त्याला तिचा त्रास बहुधा होत नसतो, हे शांतपणे समजावून सांगायचे.

एवढे काम शिकता येते. अवघड आहे ते निराळेच. "सिस्टर, पपांना काही सांगू नका," असे दारातच कानात सांगितले जाते; आणि खाटेशी गेल्यावर पपा विचारतात, "सिस्टर, किती दिवस उरले?" पाहुणीने कोणाचा शब्द राखावा? खोटे बोलणे तिला शोभत नाही आणि घरच्यांचा विश्वास मोडणेही परवडत नाही. जाणती परिचारिका उलट विचारते, "तुम्हाला काय वाटते?" आणि मग गप्प बसून ऐकते. बहुधा रुग्णाला सारे ठाऊक असते. घरच्यांना कळू नये म्हणून तोही लपवीत असतो. ही दोन्हीकडची लपवाछपवी हलक्या हाताने सोडवणे हे तिच्या कामातील सर्वांत नाजूक कौशल्य आहे.

रुग्णाभ्यंगाचेही तसेच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने हा संस्कार केवळ अखेरच्या क्षणापुरता नसून गंभीर आजारात बळ देण्यासाठी आहे, असे स्पष्ट केले. तरी धर्मगुरूंना बोलाविले तर रुग्ण धास्तावेल, या भीतीने कित्येक घरे शुद्ध हरपेपर्यंत थांबतात. वेळ जवळ आली आहे हे बहुधा आधी परिचारिकेला कळते. पण बोलण्याचा अधिकार आपल्याला आहे का, हा प्रश्न तिला अडवतो.

आणि मॉर्फिन? आज पहाटे मात्रा दिली आणि दुपारी माणूस गेला, तर 'त्या औषधानेच नेले' असा बोल दूरच्या गावाहून आलेला एखादा नातलग लावून जातो. पोप बारावे पायस यांनी 1957 सालीच स्पष्ट केले होते की वेदना शमविणे हाच हेतू असेल आणि दुसरा उपाय नसेल, तर औषधाने आयुष्य काहीसे घटण्याचा संभव असला तरी ते देता येते. 1992 च्या धर्मशिकवणीच्या ग्रंथातही हीच भूमिका आहे, आणि अशा सेवेला तेथे निरपेक्ष प्रीतीचे एक विशेष रूप मानले आहे. योग्य प्रमाणात दिलेले मॉर्फिन मरण ओढवीत नाही, असा वैद्यकाचाही अनुभव आहे. धर्माने आणि शास्त्राने निर्दोष ठरविलेल्या हाताला आपण घरात दोषी ठरवतो, तेव्हा ती परिचारिका दुसऱ्या घराकडे जाताना ते ओझे घेऊन जाते.

कारण दुसरे घर वाट पाहत असतेच. मृत्यू झाला की कुटुंबाचा शोक सुरू होतो. परिचारिकेला शोकाला सवड नसते. आज ज्या आजीने तिला हाक मारून चहा प्यायला लावला, ती उद्या नसते. परवा तिच्या जागी दुसरी आजी असते. पावसाळ्यात चिखल तुडवीत, रात्री फोन वाजला तर उठून, स्वतःच्या मुलांचा अभ्यास बाजूला ठेवून ती जाते. मेरी रॉबिन्सन यांचे रडू अजून संपलेले नाही; ते पिशवीच्या तळाशी असते, इतकेच.

आपल्या धर्मग्रामाचे काम

या दीर्घ इतिहासातून एक गोष्ट लख्ख दिसते. मरणासन्नाच्या घरी जाणारी स्त्री टिकली ती तिच्या पाठीशी कोणीतरी उभे राहिले म्हणून. बोन सेकूरच्या भगिनींच्या पाठीशी त्यांचा संघ होता, लिव्हरपूलच्या परिचारिकांच्या पाठीशी विभागातील स्त्रिया होत्या, मलप्पुरमच्या परिचारिकेबरोबर शेजारी होते. जेथे तिला एकटे सोडले गेले, तेथे ती थकली आणि सेवा मोडली.

आपल्या धर्मग्रामांतील अनेक लेकी परिचारिका आहेत. कोणी मुंबईच्या रुग्णालयांत आहेत, कोणी आखातात, कोणी इस्रायलमध्ये परक्या वृद्धांच्या उशाशी रात्री जागवीत आहेत. इकडे त्यांच्या स्वतःच्या आईवडिलांच्या खाटेशी उद्या कोण बसणार, हा प्रश्न आपल्या वाड्यावाड्यांत हळूहळू उभा राहत आहे. तेव्हा उत्तर नुसत्या पैशाने मिळणार नाही. प्रत्येक गावात दोनचार माणसे अशी हवीत, ज्यांना कूस बदलणे, तोंड पुसणे, गप्प बसून ऐकणे एवढे येते. जी परिचारिकेला दारापर्यंत सोडायला जातील, तिची पिशवी उचलतील आणि माणूस गेल्यावर महिन्याभराने त्या घरी पुन्हा डोकावतील. विन्सेंट दी पॉल यांच्या नावाने चालणाऱ्या मंडळांना आणि महिला मंडळांना हे काम परके वाटू नये. त्या संताने घालून दिलेला हाच तर पाठ आहे.

आणि ज्यांच्या घरी ती पाहुणी आज येत असेल, त्यांनी एवढे करावे. तिला बसायला खुर्ची द्यावी, हात धुवायला स्वच्छ पाणी आणि टॉवेल द्यावा, तिचे नाव विचारून लक्षात ठेवावे. औषधांच्या वेळा एका कागदावर लिहून भिंतीला लावाव्यात. घरातील एकाच माणसाने तिच्याशी बोलावे, म्हणजे तिला दहा जणांना दहा उत्तरे द्यावी लागत नाहीत. ती निघताना तिला विचारावे, "सिस्टर, तुम्ही जेवलात का?" जुन्या हॉस्पिसच्या दारात मठवासी वाटसरूला पहिल्याने हेच विचारीत असतील.